बिनइंजिनाची गाडी म्हणतात मला

मी डिझेलवर चालणारी जुनी रेलकार. तळोज्याच्या एका बंद कारखान्याच्या शेडमधून बोलतेय. जरा तावातावाने बोलतेय, तेवढं चालवून घ्या. माझ्या पोटातलं इंजिन काढायचं, चाकं सिमेंटमध्ये गाडायची आणि मला वाशीच्या एका बागेत बसवायचं, असं ठरलंय. आत कॉफीचं दुकान निघणार आहे. या सगळ्या उद्योगाला कागदावर 'जतन' म्हटलंय.

पोट रिकामं करून वरून रंग फासण्याला जतन म्हणतात, हे मला या वयात कळलं.

रेलकार म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. मी लांबलचक आगगाडी नाही, एकच डबा आहे. इंजिन त्याच डब्याच्या खाली, फरशीच्या पोटात. ज्या आडमार्गावर मोठी गाडी पाठवणं परवडत नाही, तिथल्या माणसांसाठी माझ्यासारख्या गाड्या घडवल्या. मी परदेशात जन्मले, बोटीने मुंबईच्या गोदीत उतरले आणि पनवेलच्या बाजूच्या एका फाट्यावर कामाला लागले. तेव्हा इथे नवी मुंबई नव्हती, तिचे नोड नव्हते, सेक्टर नव्हते. खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती आणि त्यांच्यामधून जाणारा माझा रूळ होता.

गावातली माणसं मला 'बिनइंजिनाची गाडी' म्हणायची. पहिल्यांदा आलेली बाई हमखास वाकून खाली बघायची.

"अगो, हिला वढतंय कोन?"

"भूत वढतंय. चढ लवकर!"

मग ती देवाचं नाव घेऊन चढायची. पुढच्या वेळेपासून मात्र माझ्या अंगावर टोपली आदळून हक्काने जागा अडवायची. सुकी मासळी, वांगी, मिठाच्या गोणी, बाशिंग बांधलेला नवरा, त्याच्या मागे रुसलेली मावशी, सगळं मी वाहिलं. माझ्या खिडकीशी भांडणं झाली, लग्नं जमली. एकदा तर माझ्याच बाकावर एक पोर जन्मलं आणि पुढच्या स्टेशनात सगळ्यांनी मिळून त्याचं नाव काय ठेवायचं यावर वाद घातला. त्याच्या आईला कुणी विचारलंच नाही.

पुढे त्या मार्गावर मोठ्या गाड्या आल्या. मला कुणी 'तुझं काम झालं' असं सांगितलं नाही. एक दिवस मला बाजूच्या रुळावर उभं केलं आणि सगळे विसरले. माणसांची ही एक खोड मी नीट पाहिली आहे. ती निरोप देत नाहीत, फक्त यायची थांबतात.

त्या वेळी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मोठा रसायनांचा कारखाना उभा राहत होता. आवार एवढं पसरलेलं की गेटापासून शेवटच्या प्लांटपर्यंत कामगारांचे पाय दुखायचे. आतून मालगाडीचा रूळ गेलेलाच होता. कारखान्याने मला विकत घेतलं आणि मी पुन्हा माणसं वाहू लागले. मला चालवायला ठेवलं गोटीरामला.

हा गोटीराम खाडीकाठच्या गावचा. जिथे कारखाना झाला, तिथे त्याच्या घरची भातशेती होती. जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. बापाच्या खाचरावरून तो रोज मला चालवत न्यायचा. नवीन कामगाराला खिडकीतून दाखवायचा, "त्या टाकीखाली आमची शेती." कामगार म्हणायचा, "अच्छा." गोटीराम हॉर्न वाजवायचा.

स्वभावाने म्हणाल तर एक नंबरचा हट्टी आणि तोंडाळ. त्याला वाटायचं मी फक्त त्याचंच ऐकते. खरं तर मी कुणाचंही ऐकते. डिझेल घाला, हवा नीट द्या, गिअर हळू टाका, बस्स. पण त्याचा समज मी कधी मोडला नाही.

मग कारखाना बंद पडला. गेटावर कुलूप आलं. गोटीरामने गावठाणात चाळी बांधल्या, भाडेकरू ठेवले, सोन्याचं कडं घातलं. मी शेडमध्येच. कबुतरांनी टपावर संसार मांडले. कुणीतरी तांब्याच्या वायरी कापून नेल्या. उंदरांनी बाकांचा काथ्या उपसला. हे सगळं सोसता येतं. न हलणं सोसत नाही. शेजारून दुसऱ्या कारखान्याच्या मालगाडीचा आवाज आला की माझ्या स्प्रिंगा आपोआप ताठ व्हायच्या. चाकाखालचा रूळ तोच आणि त्याच जागी. मी त्या तेवढ्या तुकड्याला विटले होते.

एका सकाळी कुलूप करकरलं आणि वैजयंती प्रधान आत आल्या. वाशीला राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, केस कापलेल्या, आवाज खणखणीत. जुन्या गाड्या जपणारं एक छोटं मंडळ त्यांनी काढलं होतं. मंडळ म्हणजे त्या स्वतः, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा अभिराम आणि नुसतेच शुभेच्छा पाठवणारे बरेच लोक. वैजयंतीबाईंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून इंजिन पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या.

"चालवायची."

अभिराम म्हणाला, "मॅडम, आधी साफ तर करू."

"साफ करायला काय, कपाटही साफ करतात. ही गाडी आहे. बाहेरच्या देशांत अशा गाड्या लोक सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून चालवून घेतात. इथे आपण काय करतो? चबुतऱ्यावर चढवतो आणि वर लिहितो, 'कृपया हात लावू नये'."

कारखान्याच्या मालकांकडून त्यांनी परवानगी मिळवली आणि चौकशी करत करत गोटीरामच्या चाळीत पोचल्या. तो नको नको म्हणत आला. आला तो सरळ माझ्या केबिनमध्ये चढला आणि कबुतराची विष्ठा बाजूला न करताच सीटवर बसला. नवी पँट होती. मला बरं वाटलं.

मग दर रविवारी ही माणसं यायची. गोटीरामची बायको मालतीबाई डबा घेऊन यायची आणि हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

"घरातला पंखा कवाचा बंद हाय, त्याला तेल घालाला येल नाय. हिला बरं येल भेटतो."

"पंखा दुकानात मिलतो. ही मिलनार हाय का?"

"मी पन दुकानात नाय मिलत."

अभिराम हसून हसून हातातला पाना खाली टाकायचा.

रंगावरून तर मोठाच वाद पेटला. माझ्या अंगावर रंगाचे थरच्या थर. अभिरामने एक जुना फोटो शोधून आणला होता, कृष्णधवल. तो म्हणे, मूळ रंग गडद असणार, निळा किंवा तपकिरी. मालतीबाई लहानपणी आईच्या मासळीच्या टोपलीशेजारी बसून माझ्यातून गेलेली. ती म्हणाली, "हिरवी व्हती. कैरीसारखी."

"काकू, फोटोत तर काळीच दिसतेय."

"फोटू काला हाय रं बाबा, गाडी नाय."

शेवटी दाराआडचा एक कोपरा खरवडला. तळाशी हिरवा निघाला. पण कैरीसारखा नव्हता, चांगला गडद होता, पिंपळाच्या जुन्या पानासारखा. दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं.

इंजिन सुरू व्हायला फार दिवस लागले. माझ्या डिझेलच्या टाकीला आतून गंज लागला होता. ती उघडली की गंजाचा चुरा पंपात जाईल, म्हणून गोटीरामने तिला बाजूला ठेवलं. केबिनच्या दाराबाहेर एक प्लास्टिकचा कॅन बांधला आणि त्यातून नळी खाली इंजिनाला जोडली. दिसायला ओंगळ, पण रीत पक्की. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणून जोडल्या. त्या एकदा जोर लावायच्या, दुसऱ्यांदा कुरकुरायच्या. म्हणून नियम ठरला: एकदा सुरू झाली की काम संपेपर्यंत बंद करायची नाही.

आणि एका रविवारी मी सुरू झाले. आधी काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही, नुसता आवाज. शेडमधली सगळी कबुतरं एकदम उडाली. मी थरथरत पुढे सरकले. शेडबाहेर ऊन होतं. मला ऊन अंगावर घेऊन चालायची सवयच राहिली नव्हती. वैजयंतीबाई दाराच्या दांडीला धरून उभ्या होत्या आणि कुणाकडेही न बघता रडत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, हे बरं झालं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग बातमी आली की कारखान्याची जमीन विकली जाणार. माझं काय करायचं, हे शहर सजावटीच्या एका समितीने ठरवायचं होतं. वैजयंतीबाईंनी सुचवलं की वसाहतीच्या कडेचा न वापरलेला रूळ मला द्या, सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन मी जा-ये करीन. समितीतल्या काहींनी सुचवलं की बागेत बसवा, फोटो चांगले येतात. अध्यक्षसाहेब म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. माझ्यासमोर चालली तर रूळ देतो. नाही चालली तर बाग."

साधी अट होती. मी चालत होतेच. पण या मंडळींनी त्याचा कार्यक्रम केला.

मांडव घातला. सनई लावली. केबिनपुढे फीत बांधली. स्वागताचा फलक आला, झेंडूची तोरणं आली. आणि तो ओंगळ प्लास्टिकचा कॅन फोटोत दिसू नये म्हणून वैजयंतीबाईंनी त्याच्यावर झेंडूच्या जाड माळा सोडल्या. कॅन दिसेनासा झाला. आत डिझेल किती उरलंय, तेही दिसेनासं झालं.

साहेब सकाळी येणार होते. मला गरम व्हायला वेळ लागतो म्हणून गोटीरामने लवकरच सुरू केलं. रूळभर जाऊन परत यायला कॅनमधलं डिझेल पुरून उरलं असतं. पण साहेब येईनात. आधी निरोप आला, "साहेब निघाले." मग, "साहेब वाशीत एका उद्घाटनाला थांबले." मग पुन्हा, "साहेब निघाले."

अभिराम म्हणाला, "काका, तोपर्यंत एक फेरी मारून घेऊ या का? लोक कंटाळलेत."

गोटीराम उसळला. "नारल फुटल्याबिगर चाक हालनार नाय. पहिला मान पाव्हन्याचा."

"मग बंद तरी करू."

"आनि परत नाय लागली तं? बॅटरी तुझा सासरा देल?"

वैजयंतीबाईही म्हणाल्या, "थांबा रे. साहेब आल्याशिवाय हलवली तर ते नाराज व्हायचे."

मी आतल्या आत धुमसत होते. उभ्याने घशात डिझेल ओतून घेत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, माझा मान मला चालवण्यात आहे! पण गाड्यांना हॉर्न असतो, आवाज नसतो. आणि हॉर्न गोटीरामच्या हातात.

साहेब आले. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग भाषण. साहेब वारशाबद्दल बोलले, पुढच्या पिढीबद्दल बोलले, स्वच्छतेबद्दल बोलले. माझ्या आवाजात त्यांना माइकवर ओरडावं लागत होतं. आणि त्याच वेळी माझा घसा कोरडा पडला. मी एक आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प झाले.

साहेबांनी समाधानाने मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, भाषण नीट ऐकू यावं म्हणून कुणीतरी शिस्तीने इंजिन बंद केलंय. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फक्त केबिनमध्ये गोटीरामचा चेहरा उतरला होता.

नारळ फुटला. फीत कापली. साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला. मी जागच्या जागी. गोटीरामने बटण दाबलं. बॅटऱ्या कुरकुरल्या. पुन्हा दाबलं. त्या तेवढ्याही कुरकुरल्या नाहीत. साहेबांनी झेंडा खाली केला, माझ्या गालावर थोपटल्यासारखं केलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "वय झालंय हो हिचं. आता बसू द्या निवांत." मग माझ्यासोबत फोटो काढला आणि निघाले.

शिव्या परवडतात, पण हा मऊ आवाज नको.

गाड्यांची धूळ खाली बसल्यावर गोटीरामने माळा ओरबाडून काढल्या. कॅन कोरडा ठणठणीत.

"मॅडम, ह्या फुलांनी घात केला!"

"फुलांनी? आणि तासन्‌तास चालू ठेवून नारळाची वाट कोण बघत बसलं होतं?"

"तुमीच बोललाव, साहेब नाराज होतील!"

"बास करा!" मालतीबाई मध्ये पडली. "दोगंबी शानी. पाव्हन्याची वाट बघता बघता घरच्या मानसाला उपाशी मारलाव. आता तिला खायाला घालनार का नुसतं भांडनार?"

अभिराम धावत जाऊन डिझेल घेऊन आला. कॅन रिकामा झाला की नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय माझ्यासारखी गाडी सुरू होत नाही. अभिराम खाली झोपून हातपंप मारत राहिला. गोटीरामने नट ढिले केले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. मांडववाल्याच्या टेम्पोच्या बॅटरीला वायर जोडली. मी एका दमात सुरू झाले. रिकाम्या खुर्च्यांसमोरून, फुटलेल्या नारळाच्या करवंट्यांवरून मी रुळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. आत एकटी मालतीबाई बसली होती, खिडकीशी.

अभिरामने सगळं फोनवर टिपलं आणि समितीला पाठवलं. उत्तर आलं: साहेबांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, निर्णय झाला आहे. वैजयंतीबाई कचेरीत खेटे घालत राहिल्या. त्यांना प्रत्येक टेबलावर चहा मिळाला. माणसाने डोळ्यांनी एकदा पाहिलं की मग त्याला पुन्हा बघायची गरज उरत नाही, विशेषतः तो अध्यक्ष असला तर. बागेत चबुतरा तयार झाला. त्यावर रुळाचा तुकडा टाकला, माझ्या मापाचा. ना मागून येणारा, ना पुढे जाणारा.

परवा सयाजी आला. इंजिन उपसून मला उचलून न्यायचं कंत्राट याच्याकडे. सोबत क्रेन, गॅस कटर, माणसं. पण शेडच्या वाटेवर कारखान्याचं मोठं गटार आडवं जातं आणि त्यावरच्या जुन्या लाद्या क्रेनचा भार पेलत नाहीत. क्रेन गेटापाशीच अडली. सयाजी डोकं खाजवत आला.

"काका, एक काम करा ना. गाडी जरा गेटापर्यंत आणून द्या. मग आम्ही उचलतो."

गोटीरामने विचारलं, "कागदावर ही बंद हाय ना?"

"हो, बंद वाहन असंच लिहिलंय."

"मंग बंद गाडी चालवत आनू कशी?"

वैजयंतीबाईंना राग आवरेना. त्या बोलायला पुढे सरसावल्या, पण मालतीबाईने त्यांचा हात धरला. "मॅडम, ऱ्हाऊ द्या. तुमी बोललाव का त्यो चहा मागवेल." मग ती सयाजीला म्हणाली, "ये रे बाबा, आत बस. उन्हात कशाला उभा?"

सयाजी चढला. गोटीरामने कॅन हलवून पाहिला, झाकण उघडून आत पाहिलं आणि मग बटण दाबलं. मी सुरू झाले. आम्ही शेडमधून निघालो, गटारावरच्या रुळाच्या पुलावरून खडखडत गेलो, वाळलेल्या गवताला चिरत गेटाच्या दिशेने निघालो. सयाजी आधी दाराशी उभा होता. मग बाकावर टेकला. मग त्याने काच सरकवली आणि कोपर बाहेर काढलं. बसलेला माणूस कधी प्रवासी होतो, ते मला लगेच कळतं.

गेटाच्या अलीकडे गोटीरामने ब्रेक लावला. इंजिन बंद केलं नाही. सयाजीने समितीच्या कचेरीत फोन लावला आणि मोठ्याने बोलू लागला, कारण माझा आवाज होता.

"साहेब, ही गाडी चालतेय."

पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं.

"नाही साहेब, ढकलत नाही आणली. स्वतःहून आली... हो, मला माहितेय तेव्हा बंद होती. आता मी आत बसलोय."

पलीकडचा आवाज चढला.

"चालू इंजिन कापायचं माझ्या कामात नाही, साहेब. उद्या कुणी विचारलं तर नाव माझं येणार. तुम्ही दुसरा कागद द्या, मग बघू."

क्रेन मागे वळली. गोटीरामने मला परत शेडमध्ये आणलं. जाताना सयाजीने विचारलं, पुढच्या वेळी पोरीला आणलं तर चालेल का. मालतीबाई म्हणाली, पोरीच्या आईलापन आन.

दुसरा कागद अजून आलेला नाही. येईल. आणणारा कदाचित सयाजीसारखा नसेल, तो गटारावर नव्या लाद्या टाकूनच येईल. म्हणून मला स्वस्थ बसवत नाही आणि म्हणून तुम्हाला सांगतेय. माझ्यावर फुलं चढवू नका, मला थोपटू नका. दर रविवारी सकाळी मी शेडपासून गेटापर्यंत जाते. तुम्ही या आणि आत बसा. जितकी माणसं माझ्यात बसून जातील, तितक्यांना मी बंद आहे असं कुणी सांगू शकणार नाही.

या, पण वेळेवर या. आता आम्ही कुणासाठी थांबत नाही.